गुडघ्यापुढचं पाणी

४ ऑक्टोबर

पोचलो एकदाचे. बसने शेवटचं वळण घेतलं आणि खाली तळं दिसलं, तेव्हा माझी लेक खारू इतक्या जोरात किंचाळली की पुढच्या सीटवरच्या आजोबांचा चष्मा मांडीत पडला. केवढं ते पाणी! पलीकडचा काठ दिसतच नाही. इतकी वर्षं क्लोरीनच्या वासात, पोहणं शिकवताना दुसऱ्यांच्या पोरांच्या हनुवट्या धरून काढल्यावर हे बघायला मिळालं म्हणजे मला बढतीच वाटली. शिवाय नोकरी कायमची. हंगामी झालं, रोजंदारी झाली, कुणाच्या तरी बाळंतपणाच्या रजेत बदली झाली. आता मी सरकारी जीवरक्षक, शिक्क्यासकट. खारूच्या बाबांना हे कळलं तर त्यांचं तोंड कसं होईल — पण तो विषय या वहीत आणायचा नाही असं ठरवलंय.

खोली बेकरीच्या वर आहे. बेकरी चालवणाऱ्या बाई खालीच राहतात. त्यांना सगळे पाववाल्या काकू म्हणतात, मीही तेच म्हणायला लागले. भट्टीमुळे आमची फरशी कोमट असते आणि पहाटेपासून सगळ्या खोलीत पावाचा वास. खारूने आल्या आल्या मोजे काढून फरशीवर लोळण घेतली. एक पलंग, एक टेबल, कोपऱ्यात ओटा आणि नळ. तळ्याच्या बाजूच्या भिंतीत पूर्वी खिडकी होती. विटा घालून बुजवलीय, गिलाव्यातून चौकट अजून ओळखू येते. एवढं देखणं पाणी आणि त्याला पाठ! काकूंना विचारलं तर म्हणाल्या, वारा फार येतो. असेल बाई. घर तुमचं, भिंत तुमची.

खारूला माझी जुनी शिट्टी दिली. दोरीत ओवून गळ्यात घातलीय, आंघोळीलाही काढत नाही. आमची खूण ठरलेली आहे: दोन छोट्या म्हणजे मी ठीक आहे, एक लांब म्हणजे आई, ये. शिट्टी नसली तरी बाईसाहेबांचं अडत नाही, कारण पुढचा दात पडल्यापासून त्या फटीतूनच ती अशी शिट्टी घालते की कुत्री वळून बघतात. मुलींनी शिट्ट्या घालू नयेत असं माझी आई म्हणायची. तिची मुलगी शिट्टीवरच पोट भरते.

६ ऑक्टोबर

आज हजर झाले. कचेरीतले मुख्य कारकून सुपारीएवढं तोंड करून बसले होते. त्यांच्या बोलण्यावरून कळलं ते असं की ही जागा त्यांनी मागितली नव्हती. वरून हुकूम आला की पाण्याकाठच्या प्रत्येक गावात जीवरक्षक हवा, म्हणून मी आले. म्हणजे मी न मागवलेलं सामान. ठीक आहे, सामान चांगलं आहे हे कळेल हळूहळू.

मग ते मला काठावर घेऊन गेले. लांबलचक काठ, बारीक खडी, आणि रस्त्याकडेने एका ओळीत बाकं. सगळी बाकं तळ्याला पाठ करून. मी म्हटलं, बसवणारा प्यायला होता का? ते हसले नाहीत. पाण्यात थोडं आत पांढरे रंगवलेले खुंट रोवलेत, गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिथे पाणी मोठ्या माणसाच्या गुडघ्याला लागतं. माझ्यासाठी एक उंच लाकडी खुर्ची आणलीय, तीही गावाकडे तोंड करून ठेवलेली.

माझं काम त्यांनी समजावून सांगितलं. गावाकडे बघत बसायचं. कुणी पाण्याकडे येत असेल तर हटकायचं, परत पाठवायचं. खुंटांच्या आत असेल तर हात धरून ओढायचं. आणि खुंटांच्या पुढे गेलं तर? तर काही नाही. तिथे तुमचं काम संपतं. त्यांनी हे इतक्या शांतपणे सांगितलं की मला वाटलं विम्याचं काहीतरी असेल. निघताना म्हणाले, "गुडघ्यापर्यंत आपलं, पुढचं त्याचं. एवढं लक्षात ठेवा, बाकी सगळं आपोआप होतं."

उंटावरून शेळ्या हाकणारे साहेब मी पुष्कळ बघितलेत. मान डोलावली आणि ते वळल्याबरोबर खुर्ची पाण्याकडे फिरवली.

११ ऑक्टोबर

गाव छोटं आहे. एक चढाचा रस्ता, त्याला फुटलेल्या चार बोळकंड्या, एक शाळा, एक दवाखाना, सामानाचं दुकान, सलून, बेकरी. लोक कष्टाळू दिसतात, उंबरठे स्वच्छ. पण तळ्याकाठचं गाव म्हणावं असं एक लक्षण नाही. एक होडी नाही. गळ टाकून बसलेलं माणूस नाही. दुकानात मासा मिळतो तो डब्यातला, लांबून आलेला. शाळेच्या वर्गात फळा अशा भिंतीवर लावलाय की पोरांची पाठ पाण्याकडे येते. सलूनवाल्याच्या आरशात मागचं दार दिसतं आणि दारातून तळं, म्हणून त्याने दाराला जाड पडदा लावलाय आणि दिवसाढवळ्या दिवा पेटवून लोकांच्या दाढ्या करतो.

या सलूनवाल्याला खारूच्याच वयाची, तिच्याच उंचीची मुलगी आहे. लांबसडक वेणी. शाळेतून आली की दुकानातले केस झाडते आणि हातात कात्री मिळाली की कशाचेही केस कापते. खारूच्या बाहुलीचं तिने इतकं सफाईने कापून दिलं की मी माझे द्यावेत की काय असं वाटलं. दोघींची गट्टी जमलीय. खारूची अख्ख्या गावात ही एकच मैत्रीण. बाकीच्या पोरांना घरून सांगितलेलं दिसतंय.

खुर्ची रोज सकाळी पुन्हा गावाकडे फिरवलेली असते. मी रोज उलटी फिरवते. कोण करतं ते कळत नाही. विचारलं की लोक उंबरठे पुसायला लागतात.

१५ ऑक्टोबर

आज पोहले. अकरा दिवस पाण्याकडे नुसतं बघत बसायला मी काय बगळा आहे? पाणी थंडगार, स्वच्छ, काहीही वावगं नाही. फक्त अंगाला जड लागतं. बाहेर आले तर काठ रिकामा. बाकांवरचे म्हातारे उठून गेले होते आणि माझा टॉवेल गटारात पडला होता.

काकूंनी जिन्यात गाठलं. आज पहिल्यांदाच त्या एवढं बोलल्या. त्यांचं म्हणणं असं की स्वतःहून गेलात, स्वतःहून आलात, त्याला हरकत नाही; तुमची ओळख करून घेतली त्याने. पण त्याने धरलेलं सोडवायला जाऊ नका. मी विचारलं, त्याने म्हणजे कुणी? काकू हातातलं पीठ झटकत म्हणाल्या की पाव उद्यापासून लवकर न्या, नंतर उरत नाहीत. संतापच आला. जीव वाचवायचा पगार घेते मी. या लोकांचं ऐकायचं तर मी नुसतं बुजगावणं व्हायचं.

१९ ऑक्टोबर

अक्षर वाकडं येतंय. पण लिहायलाच हवं.

दुपारी शाळा सुटली तेव्हा मी खुर्चीवर होते. सलूनवाल्याची मुलगी एकटीच काठावरून आली, दप्तर खडीवर नीट ठेवलं आणि बुटांसकट पाण्यात चालत निघाली. खेळायला निघाल्यासारखी नव्हे; कुणीतरी बोलावल्यासारखी, घाई न करता. मी शिट्टी मारली. ती खुंटांच्या पुढे गेली. बाकांवरची माणसं उठून उभी राहिली, पण एकानेही मान वळवली नाही. तिचा बाप सलूनच्या दारात होता, हातात कात्री, पडदा बाजूला सारलेला. त्याने एकदा बघितलं आणि पाठ फिरवली.

मी उडी घेतली. ती सरळ खाली चालली होती, हातपाय न मारता. काढली. खडीवर आडवी केली, तोंडाला तोंड लावून श्वास दिला, छाती दाबली. बराच वेळ काही नाही. मग पाणी ओकली आणि श्वास घेतला. मी रडले, खरं सांगते. किती पोरं शिकवली, पण असं संपूर्ण गेलेलं मूल परत आणायची ही पहिलीच वेळ.

मान वर केली तर सगळे होते तिथेच उभे. कुणी पाण्याचा पेला आणला नाही, कुणी शाबास म्हटलं नाही. तिची आई आली. पोरीजवळ बसलीसुद्धा नाही. उभ्यानेच माझ्याकडे बघून म्हणाली, "आमची गेली. ही तुम्ही काढलीत, तुम्ही सांभाळा."

आणि गेली. दोघंही गेली. सलूनचा पडदा ओढलेला मी स्वतः बघितला.

२० ऑक्टोबर

मला वाटलं धक्का बसलाय, रात्र गेली की येतील. सकाळी पोरीचा हात धरून त्यांच्या दारात गेले. आतून कडी. दार बडवलं, शिव्या दिल्या, एवढ्या आयुष्यात दिल्या नसतील तेवढ्या. आत कात्रीचा आवाज चालू होता. कुणाचे तरी केस कापत होता तो, मुलगी बाहेर उभी असताना. पोरगी मात्र रडली नाही. आपलं घर ओळखत नसल्यासारखी दाराच्या कडीकडे बघत राहिली.

कारकुनांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि सांगितलं की त्या घराचा शोक कालच पाळून झाला, आता त्यात कचेरीला काही करता येत नाही.

घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं. असो. मूल आहे, रस्त्यावर टाकता येणार नाही. खारू खूश आहे. तिने आपला फ्रॉक दिला, आपली अर्धी उशी दिली. आम्ही तिला पाहुणी म्हणतो. पाहुणी फार बोलत नाही. खारूने शिट्टी वाजवायला दिली तर हातात धरून नुसती बघत बसली, तोंडाला लावली नाही. लाजत असेल.

तिचे केस काल दुपारपासून वाळलेले नाहीत. टॉवेलने पुसले की पुन्हा ओले.

२४ ऑक्टोबर

दुकानदाराने आज सामान दिलं नाही. मी मागे उभी राहिले, सगळ्यांचं झालं, मग त्याने फळी ओढली. शाळेने निरोप पाठवला, मुलीला पाठवू नका. प्यायचं पाणी भरायला गेले तर सार्वजनिक नळावर माझी बादली लाथेने उडवली गेली. कुणी उडवली ते त्या बायांपैकी एकीलाही माहीत नाही म्हणे. खुर्ची आता फिरवत नाहीत. मोडून ठेवलीय.

ज्याचं करावं बरं तो म्हणतो माझंच खरं. इथे तर त्याच्याही पुढे गेलंय.

काकू तेवढ्या मागच्या दाराने पाव देतात. आज त्यांनी दार लोटून घेतलं आणि सगळं सांगितलं. त्याने धरलेलं सोडवलं की ते सोडवणाऱ्याच्या घरातलं धरतं. घाईने नाही, हळूहळू, घरात बसल्या बसल्या. आणि जे काढून आणलेलं असतं ते मूल नसतंच. मूल तिथेच राहतं. आपल्या हाताला लागतं ते त्याचं. काकूंना पूर्वी एक भाऊ होता आणि एक बहीण. भावाने बहिणीला काढलं. पुढचं सांगायच्या जागी त्यांनी छताकडे, वरच्या बुजवलेल्या खिडकीच्या दिशेने बघितलं.

मी म्हटलं, काकू, तुमचा पाव चांगला आहे, पण गोष्टी वाईट आहेत. वर आले आणि दार लावून घेतलं.

२८ ऑक्टोबर

पाहुणी सुधारतेय. गाल भरलेत, केस आज पहिल्यांदा कोरडे. खारूला थोडी सर्दी आहे.

दुपारी मी खाली गेले होते तेवढ्यात दोघींनी उद्योग केला. पाहुणीने माझी कात्री घेतली, आपली वेणी कापली आणि स्वतःचे केस अगदी खारूसारखे केले, कानापर्यंत, कपाळावर झुलपं. मग खारूच्याही केसांची टोकं कापून सारखी केली. बापाचा हात आहे पोरीत, एक केस इकडचा तिकडे नाही. दोघी माझ्याकडे पाठ करून बसल्या आणि म्हणाल्या, ओळख. मी हसत हसत चुकीच्या खांद्यावर हात ठेवला.

३१ ऑक्टोबर

खारूची उशी ओली होती. घाम असेल म्हणून बदलली. दुसरीही ओली झाली. उन्हात बसवलं तरी केसांतून पाणी निथळतं. ताप नाही. उलट अंग गार.

पाहुणीचा दात पडला. पुढचा. तोच.

१ नोव्हेंबर

खारूची बोटं पाण्यात फार वेळ राहिल्यासारखी सुरकुतलीत. जुन्या कामात हे रोज बघायचे, पण ती पाण्यात गेलेलीच नाही. दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं. मग म्हणाले, तळ्याचं आहे, आमच्याकडे याला औषध नाही. आणि आम्ही बाहेर जावं म्हणून दार उघडून धरलं.

पाहुणी आज मला आई म्हणाली. खारूच्या आवाजात नाही. पण खारूसारखं, शेवटचा स्वर ओढून.

ताईला फोन केला. सगळं सांगितलं नाही, सांगितलं असतं तर तिने मला वेड्यात काढलं असतं. आवाजावरूनच ती म्हणाली, नोकरी गेली चुलीत, पोरीला घे आणि ये. उद्या सकाळच्या बसने निघतो. पाहुणीला काकूंकडे ठेवेन. मला कुणी काहीही म्हणो. माझी मुलगी आधी.

२ नोव्हेंबर

परत आलो.

पाहुणी जिन्यात बसली होती, आम्ही निघताना तिने हात हलवला. बस चढाला लागली आणि खारूचा श्वास घरघरायला लागला. पहिल्या वळणाला पाणी ओकली. दुसऱ्या वळणाला आणखी, नाकातून, तोंडातून, गढूळ, त्यात बारीक खडी. एवढं पाणी एवढ्याशा पोरीत मावतच नाही. मी ओरडत होते आणि मागे कुणी वळून बघत नव्हतं. ड्रायव्हरने बस थांबवली, उतरायला सांगितलं. आमच्या सीटखाली त्याने आधीच पोतं अंथरून ठेवलं होतं. आम्हाला चढवतानाच.

उतार उतरायला लागलो तसा श्वास सुटला. तळं दिसलं तेव्हा खारू हसली. म्हणाली, आता बरं वाटतंय.

माझ्या पायाखालची जमीन सरकलीय. हे मी मान्य करते. मी घाबरलेय.

५ नोव्हेंबर

काकूंना विचारलं, उपाय काय. आपण कशावर हसत होतो ते आठवून लाज वाटली, पण विचारलं. त्यांनी एकच सांगितलं. काढलेलं परत ठेवायचं. जिने काढलं तिनेच, आपल्या हाताने, खुंटांच्या पुढे.

मी म्हटलं, ती श्वास घेते. जेवते. मला आई म्हणते. काकू म्हणाल्या, म्हणणारच.

नाही. मी हे करणार नाही. माणसं बुडवणारी बाई नाही मी.

७ नोव्हेंबर

खारू बोलत नाही आता. तोंड उघडलं की पाणी येतं. नळाखाली डोकं धरून बसते, तिथेच बरं वाटतं तिला. आज मला तिचा हात धरवेना, इतका गार.

पाहुणी ओट्याशी गुणगुणत होती. गाल लाल. खारूचा लाल स्वेटर. खारूसारखी एका पायावर उभी.

मूल आहे ते. असेल तर? मी श्वास दिलाय तिला, माझ्या तोंडाने—

नसेल तर?

खाली रस्त्यावर माणसं जमलीत. ओरडत नाहीत. नुसती वर बघतात. सलूनवाला त्यांत आहे.

८ नोव्हेंबर

ठरवलं. उद्या उजाडताना. ती आई म्हणेल. म्हणू दे. ऐकायचं नाही. तोंड बघायचं नाही. ब्लँकेटमध्ये गुंडाळायचं, डोक्यावरून.

खारूची शिट्टी आहे खारूच्या गळ्यात. ती कधी काढत नाही. तीच खूण. बाकी अंधारात काही ओळखू येत नाही. दोघी सारख्या. एका पांघरुणात, खारूच्या पाण्याने दोघी ओल्या, दोघी गार, दोघी—

देवा.

९ नोव्हेंबर

केलं.

धुकं होतं. दिवा लावला नाही. दोघी एका पांघरुणात, पाठमोऱ्या. गळ्याशी हात घातला. एकीच्या गळ्यात दोरी लागली. ती माझी. दुसरीला गुंडाळलं. उचललं. जड होती, पाणी भरलेल्या घागरीसारखी.

काठावर अख्खं गाव. बाकांवर उलटे बसलेले, तळ्याकडे तोंडं करून. पहिल्यांदाच. माझी मोडलेली खुर्ची दुरुस्त करून पाण्याकडे ठेवली होती.

खुंटांपाशी तिने ब्लँकेटमधून हात काढले. माझ्या गळ्यात टाकले. घट्ट. पाहुणीने कधी मिठी मारली नव्हती. काही बोलली नाही. बोलता येत नसावं—

बुडणाऱ्याची मिठी कशी सोडवायची ते मला शिकवलंय. अंगठा धरून मागे. मग एकेक बोट. मीच पोरांना शिकवते ते.

सुटली.

कुणीतरी माझ्या खांद्यावर टॉवेल टाकला. सलूनवाला होता. म्हणाला, झालं, ताई. आता विसरा.

९ नोव्हेंबर, थोड्या वेळाने

खारू झोपलीय. केस कोरडे. तळवे कोरडे, गरम. गाल लाल. श्वास ऐकत बसलेय मघापासून, घरघर नाही. दारात कुणीतरी पाव ठेवून गेलंय. दुकानदाराने सामान पाठवलंय.

माझी मुलगी वाचली. बाकी मला काही विचारू नका.

उठली. आई म्हणाली. भूक लागली म्हणाली. मी तिला जवळ घेतलं, खूप घट्ट. म्हटलं, आधी वाजव. दोन छोट्या.

तिने शिट्टी तोंडाला लावली. आवाज आला नाही. शिट्टीतून पाणी आलं. थोडंसं. हनुवटीवरून, स्वेटरवर.

विचारलं. शिट्टी कुठून आली तुझ्याकडे. कसं विचारलं मला माहीत नाही. ती म्हणाली, "तिने दिली, काल. मला अंधाराची भीती वाटत होती ना. खुणा करून म्हणाली, ही वाजव, आई येते."

नाही

अंगठा. मी अंगठा धरून

बुजवलेली खिडकी. तिच्यातून. विटांमधून. दाताच्या फटीतली शिट्टी, दुसऱ्या कुणाची नाही ती, जगात कुणाची नाही—

एक लांब.

काकू खालचं दार लावतायत. बाहेरून. रस्त्यावर बाकं सरकवल्याचा आवाज. पुन्हा पाठ करून बसतायत.

एक लांब. थांबून पुन्हा एक लांब. मी काढली तर ती नसेल. माहीत आहे. माझ्या हाताला लागेल ते तिचं नसेल, त्याचं असेल. माहीत आहे मला, पण ती बोलावतेय, आई ये म्हणतेय, आणि मी

ती दारात उभी राहिलीय. खारूच्या स्वेटरमध्ये. एका पायावर. म्हणते, "जाऊ नकोस गं आई. गुडघ्यापर्यंत आपलं."

लांब. खुंटांच्याही पुढून.

येते गं. आलेच. मी आत्ता